दारावरची कोरफड

जावयाचा हात मी मोडला. ढकलाढकलीत मोडला, घसरून पडला, असलं काही नाही. कपडे धुवायचं धोपाटणं दोन्ही हातांत धरलं, नेम धरला आणि घातलं. बोईसरला त्यांची माणसं सांगत फिरतात की म्हातारी जावयाच्या अंगावर कोयता घेऊन धावली. कोयता नव्हता. कोयता असता तर डॉक्टरला जोडायला काही उरलंच नसतं. तक्रार त्यांनीही केली आहे, आम्हीही केली आहे. पोलिसांना सांगितलं तेच इथे सांगते. तिथे शिव्या गाळाव्या लागल्या, इथेही गाळते, पण गाळल्या आहेत हे ध्यानात ठेवा.

माझी मेघाली बोईसरला दिली. दिली म्हणजे तिनंच जमवलं. कंपनीत पॅकिंगला जायची, तिथेच हा कैलास मशीनवर. मराठवाड्यातली माणसं, पोटासाठी इकडे आलेली. आई रखमाबाई ब्लाउज शिवते, धाकटा भाऊ बबलू केमिकलच्या कंपनीत. मुलगा कामाचा, दारू नाही, माझ्यासमोर मान वर करून बोलायचा नाही. मान खाली घालणारा माणूस हातांचं काय करतो, ते लग्नात कोण बघतं?

आमच्या घरात बायकांचे केस नावाजलेले. आमच्या गावात, माकुणसारात, कुणाच्याही लग्नात विचारा, आमच्या ह्यांच्या, रामनाथाच्या घरची बाई कोणती, तर आंबाड्यावरून ओळखतील. त्याला कारण आहे. वाडीच्या कुंपणाला सगळी कोरफड. माझी सासू लावून गेली आणि मी वाढवली. विकतच्या बाटलीतली हिरवी चिकटी मी घरात येऊ देत नाही. पान बुंध्यातून कापायचं, कापलेली बाजू खाली करून डब्यात उभं ठेवायचं. त्यातून पिवळा चीक उतरतो. तो पुरता उतरू द्यायचा, पाण्यानं धुवायचं, मग काटे तासून गर काढायचा. ज्यांना घाई असते त्या चीक तसाच डोक्याला लावतात आणि मग रात्रभर टाळू खाजवत बसतात. मेघालीला हे मी चालायच्या आधी शिकवलं असेल. तिचे केस कमरेखाली जायचे. धुवायला बसली की मागे पाट ठेवावा लागायचा, नाहीतर टोकं चिखलात.

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पानं निवडत होते. खायची पानं, आमची पानवेल आहे, यंदा फाटकाशी आणखी एक लावली. रिक्षा थांबली आणि मेघाली उतरली. हातात काही नाही. पिशवी नाही, पर्ससुद्धा नाही. डोक्यावर ओढणी घट्ट, हनुवटीखाली गाठ मारलेली. वैशाखाचं ऊन.

"चहा टाकू?" मी म्हटलं.

"नको."

चहाला नको म्हणणारी पोरगी माझी नव्हे. मी पानं बाजूला केली.

"ओढणी काढ."

"राहूदे आये. थंडी वाजते."

"ह्या उन्हात? काढ म्हणते ना."

तिनं गाठ सोडली नाही. म्हणाली, "आये, माझं डोकं धू."

मागे विहिरीजवळ धुण्याचा दगड आहे, तिथे तिला पाटावर बसवलं. कोरफडीची पानं आधीच कापून डब्यात उभी होती. माझ्यासाठी ठेवलेली. ओढणी मीच सोडली. कपड्याला केस चिकटले होते. ओढल्यावर ती कण्हली तेव्हा कळलं की केस नाही, कातडं चिकटलंय. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा सोलल्यासारखी. लाल, मध्ये मध्ये रक्त सुकलेलं. मागे मानेच्या वर आणखी एक. कपाळावर टेंगूळ, निळंकाळं.

"कुणी?"

तिनं ओढणी मांडीवर मुठीत गोळा केली.

"मेघाली, मी कुणी म्हणून विचारलं. माझा आवाज वाढायच्या आत सांग."

"ह्यांनी."

"का?"

मग तिनं सांगितलं. मी गर काढत होते आणि ती सांगत होती. माझे हात थांबले नाहीत, थांबले असते तर मी तशीच उठून बोईसरला निघाले असते.

बोईसरच्या त्यांच्या बिल्डिंगीत बोरचं खारं पाणी. त्या पाण्यानं तिचे केस गळायला लागले होते, मुठीमुठीनं. तिथे कोरफड कुठून आणणार? दाराच्या वर मात्र एक टांगलेली होती. ती तर आमच्याकडेही असते, तुमच्याकडेही असेल. मुळासकट उपटायची, काळ्या दोऱ्यानं बांधायची, उलटी टांगायची. दृष्ट लागत नाही. पाण्याशिवाय जगते, जगते म्हणजे घरावरचं वाईट खाऊन जगते, असं म्हणतात. रखमाबाईनं मागच्या अमावास्येला टांगलेली, चांगली जाड पानांची. सासू बाहेर गेली तशी मेघालीनं स्टुलावर चढून तिची दोन पानं कापली.

"दारावरची?" माझ्या हातातला चमचा पडला. "दारावरची कोरफड डोक्याला लावलीस?"

"येत्या अमावास्येला त्या टाकूनच देणार होत्या. नवीन बांधणार होत्या. फुकट जाणार म्हणून मी..."

"फुकट जाणार म्हणून उकिरड्यावरचंपण खाशील?"

मला खरंच थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली असती, पण द्यायला तिच्या तोंडावर मोकळी जागा नव्हती. आणि दारावरचं डोक्याला लावायचं नसतं हे मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. अशा गोष्टी सांगायच्या असतात असं कुणाला वाटतं? आग हाताळू नये हे कुणी सांगतं का?

पुढचं ऐका. तिनं केस धुतले, वाळवले. आणि त्याच दिवशी कामावर बबलूचा हात भाजला. कंपनीत ॲसिड उडालं. बबलूनं स्वतः इस्पितळातून सांगितलं की हातमोजा फाटका होता, म्हणून आत गेलं. पण रखमाबाई घरी आली तर उंबऱ्यावर पिवळे डाग, सुकून तांबडे झालेले. कापल्या पानांतून चीक ठिबकलेला. तिनं वर बघितलं. दोन पानं नाहीत. मग घरात येऊन सुनेच्या डोक्याला नाक लावलं, म्हशीनं चारा हुंगावा तसं. आणि ओरडली, घराची राखण हिनं डोक्याला चोळली, म्हणून माझ्या लेकराचा हात जळला.

कैलासनं केस धरले. "एक वेढा मुठीला, मग ओढायचं, तशीच सवय हाय त्यांची," मेघाली म्हणाली. भाजी कशी चिरतात ते सांगावं इतक्या सरळ. स्वयंपाकाच्या ओट्यापासून दारापर्यंत फरफटत आणली. डाग दाखवले. बघ, बघ म्हणत कपाळ उंबऱ्यावर आपटलं. मग रखमाबाईनं ठरवलं की वाईट केसात बसलंय, तर केसच काढायचे. पूर्ण चकोट. ते बबलूवरून उतरवून खाडीत सोडायचे. कात्रीला धार लावून आणायची होती आणि इस्पितळात डबा द्यायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे बाहेर गेले. तेवढ्यात ही शेजारणीच्या मागच्या दारानं निघाली.

"आधीपण ओढायचा?"

"ओढायचे. पण असे उपटून नाय यायचे."

मी गर दोन्ही हातांनी घेतला आणि तिच्या डोक्यावर थापला. सोललेल्या जागी आधी, हळू. ती दातावर दात दाबून बसली. मग भांग पाडत पाडत मुळांशी, मग लांबीला खालपर्यंत. कोरफडीनं आग शमते. तिच्या डोक्याची शमत होती. माझी नाही.

"परत जायचं नाय," मी म्हटलं.

तिनं मांडीवरच्या ओढणीची घडी घातली. ते मला आवडलं नाही. परत जाणाऱ्या बायका अशाच घड्या घालतात.

गाडीचा आवाज आला तेव्हा तिचे केस नुसते निथळत होते. पांढरी गाडी, आमच्या फाटकातून आत, थेट अंगणात. चालवायला कैलासचा चुलतभाऊ भगवंत, हा असा रेड्यासारखा. मागून कैलास उतरला आणि रखमाबाई. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं लहान आणि कात्री मोठी, कापड कापायची, टोक बाहेर आलेलं.

आमचे हे वाडीतून पुढे आले. रामनाथ आयुष्यात कुणाला अरे म्हणाला नाही. "या, या, बसा. पाणी घ्या आधी," म्हणाला.

"पाणी नको," रखमाबाई म्हणाली आणि घराला वळसा घालून सरळ मागे आली. वास काढत आली असेल. "विहीणबाई, भांडायला न्हाई आलो. आमच्या घराचं वाईट तिच्या केसात बसलंय, तेवढं काढून न्यायचंय. केस द्या, पोरगी आत्ताच्या आत्ता नांदायला नेतो. मानानं नेतो."

"आणि केस नाय दिले तर?"

"तर पोरगी कशाला ठेवू आमी?"

"माझी पोरगी काय मेंढी हाय? लोकर पायजे तर बाजारात जा."

"तुमी शहाण्या हायसा. दारावर तुमच्याबी टांगलीय की. तुमच्या दारावरची कुणी कापली असती तर?"

"तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि नवीन टांगली असती. आणि एक सांगा मला, तुमचं वाईट हिच्या केसात बसलं ना? मग भोगायला हिला पायजे होतं. बबलूचा हात कसा जळला? वाईट काय वाट चुकलं?"

ती कैलासकडे वळली. "बघत काय उभा ऱ्हायलास?"

"मामी, तुमी मधी पडू नका," कैलास म्हणाला. मान खालीच. "नवरा-बायकोचं हाय."

"नवरा-बायकोचं होतं तर आईला कात्री देऊन कशाला आणलीस?"

तोवर मी त्याला कैलासराव म्हणायचे. त्या वाक्यात राव गेला आणि परत आला नाही.

रामनाथ मध्ये येऊन उभा राहिला, हात पसरून, जशी कोंबडी हाकलतात. भगवंतानं त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि ढकललं. जोर लावलाही नाही त्यानं. आमचा माणूस गिरकी खाऊन मागच्या पायरीवर तोंडावर पडला. पायरीची कड त्याच्या भुवईवर बसली आणि रक्त डोळ्यात, दाढीत, सदऱ्यावर. तो उठायला गेला, तर भगवंतानं पाठीवर गुडघा दिला.

"दाबून धर," कैलास म्हणाला आणि मेघालीकडे गेला.

ती पाटावरच होती. पळाली नाही. त्यानं हात घातला, मानेच्या मागून, सवयीप्रमाणे. एक वेढा मुठीला. आणि ओढलं.

केस मुठीतून निसटले. सगळेच्या सगळे. आख्ख्या पानांचा गर होता त्यात, मासळी हातातून सुटावी तसे सुटले. त्यानं सगळा जोर मागे लावला होता. तो उताणा गेला, धुण्याच्या दगडावर, डोक्याचा मागचा भाग असा वाजला की विहिरीत आवाज घुमला.

आणि मेघाली हसली.

हसायचं नव्हतं तिला, मला ठाऊक आहे. भीतीचं हसू असतं, आवरत नाही. पण ते हसू त्यानं ऐकलं. तोंड लाल करून उठला, हातांवर बुळबुळीत गर, तो पँटला पुसला आणि तिच्या बरगडीत लाथ घातली. एक. ती पाटावरून कलंडली. दुसरी पोटात. तिसरीसाठी पाय मागे घेतला आणि खाली वाकला, ह्यावेळी तिचा गळा धरायला.

धोपाटणं दगडाच्या कडेला पडलेलं होतं. चिंचेचं लाकूड, ओलं झालं की जड होतं. कुठे मारायचं ते मी ठरवलं. डोक्यात घातलं असतं तर मेला असता, आणि मग पोरीला साक्ष द्यायला कोर्टात कोण घेऊन जाणार? त्याचा उजवा हात तिच्या गळ्याकडे गेलेला, ताणलेला. कोपराच्या खाली घातलं.

वाळलेली झावळी गुडघ्यावर मोडताना होतो तो आवाज. हात मध्येच वाकला, जिथे वाकायला नको तिथे. पहिल्यांदा तो ओरडला नाही. हाताकडे बघितलं, जसा दुसऱ्या कुणाचा आहे. मग ओरडला.

भगवंत रामनाथाला सोडून माझ्याकडे आला. मी धोपाटणं फिरवलं, त्याच्या गुडघ्याला लागलं, तो शिव्या देत लंगडला. तितक्यात शेजारची सुलू कुंपणावरून ओरडली, "अरे धावा रे, विजूबायच्या घरी मारामारी हाय!" आणि लगेच स्वतःच बांबू घेऊन आत आली. तिच्या मागून तिचे दोन दीर. भगवंत रेड्यासारखा असला तरी आकडे कळत होते त्याला. गाडीकडे सरकला.

ह्या सगळ्या गोंधळात मी रखमाबाईला विसरले. ती मला विसरली नव्हती.

ती पोराजवळ गेली नव्हती. पोराचा हात मोडलेला, पोरगा बोंबलतोय, आणि ही बाई सुनेच्या पाठीवर गुडघा देऊन बसलेली. मुलापेक्षा हुशार. केस निसटतात हे तिनं बघितलं होतं, म्हणून कात्रीचं फडकं हाताला गुंडाळलं, फडक्यानं केसांचा गठ्ठा धरला. घट्ट. आणि कात्री चालवली, मानेच्या जवळून. गरानं भरलेले केस एका फटक्यात कापले जात नाहीत. ती करवतीसारखी कापत होती. मेघाली खाली मातीत तोंड दाबून किंचाळत होती आणि दर किंचाळीला ही म्हणत होती, "झालं, झालं, बाई, हललीस तर कान जाईल." कान गेलाच, पाळी फाटली. रक्त आणि गर एकात एक.

मी तिला पाठीत घातलं. धोपाटणं हातातून सुटलं, तर हातांनीच. खांद्याला धरून मागे खेचलं, दोघी पडलो, माझ्या दंडाला तिनं चावलं, वण अजून आहे. मी तिच्या तोंडावर कोपर मारलं. तिचा दात पडला, माझ्याच पदरात सापडला नंतर. तरी तिनं केस सोडले नाहीत. कंबरेइतके केस एका हातात, दुसऱ्या हातात कात्री. कात्री मी घेतली. बोट कापलं, कळलंही नाही. तिच्या छातीवर बसले, गुडघे दोन्ही दंडांवर. आणि तिचा आंबाडा धरला. पांढरा, बारीक, सुपारीएवढा. सोडवला आणि मुठीला एक वेढा दिला.

तिचे डोळे मोठे झाले. तेव्हा पहिल्यांदा घाबरली ती.

"नको, विहीणबाई," म्हणाली. तोंडातून रक्त येत होतं, नीट बोलता येत नव्हतं. "रांडमुंड बाई हाय मी. केस नका काढू. लोक काय म्हणतील?"

"हिचं लोक काय म्हणतील ते नाय सुचलं?"

"विजूबाय, सोड," सुलू म्हणाली. "मरेल ती."

"केस काढून कुणी मरत नाय, तिनं आत्ताच काढले की."

मी कात्री उघडली. खोटं सांगणार नाही, मला गोड लागत होतं ते. कापलेच असते. आधी केस, मग पुढे काय कापलं असतं मलाही ठाऊक नाही.

"आये."

मेघाली उठून बसली होती. एका बाजूचे केस खांद्यापर्यंतही नाहीत, दुसऱ्या बाजूचे तसेच लांब, तोंडाला माती, कानाखाली रक्ताची धार. हात पोटावर दाबलेला.

"आये, सोड तिला."

"हिनं तुझे..."

"नेऊदे. माझे नेऊदे."

"डोकं फिरलं तुझं?"

"तिचे कापलेस तर उद्या ते परत येतील. म्हणतील आमचे केस घेतलेत, आता आम्हाला तुमचं काहीतरी घ्यायचंय. मग परत कात्री, परत धोपाटणं." तिला श्वास पुरत नव्हता, थांबत थांबत बोलत होती. "त्यांनी केस मागितले होते. घेतले. आता सोड."

माझी मूठ सुटत नव्हती. कुणी माझ्या अंगणात येऊन माझ्या पोरीचे केस घेऊन जावं, मी बघत राहावं, असं ह्या गावात कुणी बघितलं नव्हतं. सुलू, तिचे दीर, कुंपणापलीकडे जमलेल्या बायका, सगळ्यांच्या देखत. मेघालीनं येऊन माझी बोटं एकेक करून उघडली. कात्री घेतली आणि विहिरीत टाकली.

रखमाबाई उठली. केस पदरात घेतले, गुंडाळले, छातीशी धरले. गर तिच्या लुगड्यावर पसरला. गाडीत जाऊन बसली.

कैलास दगडाला टेकून बसला होता. घामानं भिजलेला, पांढरा पडलेला. मोडलेला हात मांडीवर ठेवलेला, बोटं सुजायला लागली होती. त्यानं मेघालीकडे बघितलं आणि म्हणाला, "चल. गाडीत बस."

जसं काही झालंच नाही. जसं बाजार आटपून घरी निघालेत.

"आईनं घेतले केस," तो म्हणाला. "झालं आता. संपलं. तू चल. मला डॉक्टरकडं न्यायला पायजे."

आणि मेघाली त्याच्याकडे गेली.

तिनं झावळीचा एक दांडा उचलला, मोडून त्याचे दोन तुकडे केले. दोरीवरचा रामनाथाचा पंचा घेतला. कैलासच्या हाताला दोन्ही बाजूंनी तुकडे लावले आणि पंचा गुंडाळला, गळ्यात अडकवला. तो विव्हळला तेव्हा म्हणाली, "हलू नका." तिचं सगळं चांगलं चाललेलं असताना ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात. त्याला दंडाला धरून उठवलं. गाडीपर्यंत नेलं.

"मेघाली," मी म्हटलं. आणि गाडीकडे निघाले.

रामनाथ डोळ्यावर फडकं धरून पायरीवर बसला होता. त्यानं मला हातानं खूण केली, थांब. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला थांब म्हटलं, आणि मी थांबले.

तिनं कैलासला मागच्या सीटवर बसवलं, त्याच्या आईशेजारी. त्याचा पाय आत घेतला, हात दाराला लागणार नाही असा नीट ठेवला. त्यानं तिच्यासाठी सरकून जागा केली. रखमाबाईपण सरकली, मांडीवरचं गाठोडं पोटाशी घेऊन.

"बस," तो म्हणाला.

"नाय."

"काय नाय?"

"मी केस दिले ते नांदायसाठी नाय दिले. तुमचं वाईट त्यात होतं ना? ते घेऊन चाललात. आता माझ्यात तुमचं काय राहिलं?"

"अगं पण बायको हायस तू माझी."

"बबलूभावजींना सांगा, हाताला हवा लागू देऊ नका, चिघळेल."

"मेघाली, मी काय म्हणतो..."

"म्हणा. गाडीत म्हणा."

तिनं दार लावलं. बाहेरून. आपटलं नाही, लावलं, आणि लागलं का ते हातानं ढकलून बघितलं. आतून त्यानं काचेवर डावा हात आपटला, तिचं नाव घेतलं, मग शिवी दिली, मग परत नाव घेतलं. काच बंद होती. बाहेर नुसती तोंडं हलताना दिसत होती.

ती पुढे जाऊन भगवंताच्या खिडकीशी उभी राहिली. कापलेल्या बाजूनं तिची मान उघडी पडली होती, तिच्यावर माती आणि रक्त, आणि ती सरळ होती.

"भावजी," ती म्हणाली, "मागं घेताना बघून घ्या. डाव्या बाजूला पानवेल हाय, नवीन लावलीय आमी. चाक जाईल तिच्यावर."

भगवंतानं मागे वळून बघितलं, दोनदा चाकं फिरवली आणि वेल वाचवून गाडी बाहेर काढली.